क्षमा झाली, मग काम का नाही?

वाचन : लूक २२:३१-३४ व ५४-६२; योहान २१:१-१९



प्रत्येक मंडळीत काही माणसे अशी असतात, जी एकेकाळी पुढच्या बाकावर बसत आणि आता दिसत नाहीत. नाताळला, लग्नकार्याला किंवा मयतीला ती येतात, दाराजवळ उभी राहतात आणि आशीर्वाद होण्याआधीच निघून जातात. त्यांच्याविषयी विचारले तर कोणीतरी हळूच सांगते, "त्याचं ते प्रकरण झालं ना, तेव्हापासून येत नाही."

प्रकरण बहुधा जगावेगळे नसते. कोणी उज्जीवन सभेत उभे राहून दारू सोडल्याची साक्ष दिलेली असते, सगळ्यांनी देवाची स्तुती केलेली असते, आणि वर्षाच्या आत तो पुन्हा गुत्त्यावर दिसतो. कोणा मुलीला ऑफिसात विचारतात, "तू ख्रिश्चन आहेस का गं?" आणि समोरच्यांचे चेहरे पाहून ती "नाही" म्हणून जाते. कोणी वाटणीच्या दाव्यात सख्ख्या भावाविरुद्ध खोटे बोललेला असतो. एखादी आई लेकराला मूठमाती दिल्यापासून देवाशी बोलायचीच थांबलेली असते. तिचे ते पाप नव्हे, दुःख आहे. पण आपण विश्वासात नापास झालो असे तिलाही वाटत असते.

या सर्वांसाठी क्षमा आहे असे आपण शिकवतो. दर रविवारी पापांगीकाराची प्रार्थना करतो. पण आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या पुष्कळ मंडळ्यांत क्षमा अर्ध्या वाटेवर थांबते. "देव क्षमा करील" एवढे आपण पडलेल्या माणसाला सांगतो. त्याला पुन्हा बसायला जागा आणि करायला काम मात्र देत नाही. मग तो क्षमा झालेला, पण बिनकामाचा माणूस होऊन राहतो. त्याचे हरवलेले धैर्य परत येत नाही, कारण धैर्य नुसत्या बाकावर बसून येत नसते. प्रभू येशूने हे असे केले नाही. त्याने कसे केले ते पाहू.

अंगणातला विस्तव आणि किनाऱ्यावरचा विस्तव

पेत्राने प्रभूला नाकारल्याची हकिगत चारही शुभवर्तमानांत आहे. आरंभीच्या मंडळीने आपल्या पहिल्या पुढाऱ्याची नाचक्की झाकून ठेवली नाही. मार्काचे शुभवर्तमान पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिले गेले, अशी फार जुनी परंपरा आहे. ती धरली, तर ही गोष्ट लोकांना सांगणारा पेत्र स्वतःच होता.

त्या रात्री बहुतेक शिष्य पळून गेले. पेत्र मात्र प्रमुख याजकाच्या अंगणापर्यंत गेला, हे आपण विसरतो. त्याच्या मनात प्रीती नसती तर तो तिथे गेलाच नसता. काही तासांपूर्वी बागेत शस्त्रे घेऊन आलेल्या लोकांसमोर त्याने तलवार उपसली होती, आणि अंगणात एका दासीच्या प्रश्नाने तो खचला. पुष्कळांचे पडणे असेच असते. मोठ्या लढाईची तयारी केलेली असते, आणि घात होतो तो चहाच्या टपरीवरच्या एखाद्या प्रश्नाने.

मत्तय सांगतो की पेत्राला त्याच्या बोलीवरून ओळखले गेले. तो गालीलचा, आणि यरुशलेमकरांना त्याचा हेल लगेच कळला. तोंड उघडताच आपण कुठले ते उघड होते, हे बेळगाव, इंदूर किंवा हैदराबादच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. अनोळखी गर्दीत आपली भाषा, आपले नाव, गळ्यातला क्रूस यांपैकी काहीही आपल्याला उघडे पाडू शकते. अशा वेळी जीभ कशी चाचरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पेत्राला हसू नये.

कोंबडा आरवला. प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, असे लूक लिहितो. पेत्र बाहेर गेला आणि मोठ्या दुःखाने रडला.

पण त्याच अध्यायात, हे सर्व घडण्याआधी, प्रभूने त्याला काय सांगितले होते? तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू माघारी वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. पेत्र पडायच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना झालेली होती, आणि परत आल्यावर करायचे कामही ठरलेले होते. प्रभूला त्याचे पडणे ठाऊक होते, तरी त्याने काम काढून घेतले नाही.

पुढे तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर काय झाले ते योहान सांगतो. शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हातांनी परतत होते. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. मूळ ग्रीक नव्या करारात कोळशांच्या विस्तवासाठीचा हा शब्द दोनच ठिकाणी येतो: एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा होता, आणि एकदा इथे. ज्या उजेडात त्याने प्रभूला नाकारले, तसाच उजेड प्रभूने त्याच्यासाठी पुन्हा पेटवला.

इथला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी न्याहारी झाली. भुकेल्या, थकलेल्या माणसाला प्रभूने आधी जेवू घातले, मग विषय काढला. विषय मात्र टाळला नाही. तीनदा नाकारले होते, तीनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा पेत्राला वाईट वाटले. खरी क्षमा जखमेवरून कापड टाकत नाही. जखम उघडते, धुते आणि मग बांधते.

प्रभूने काय विचारले नाही तेही पाहा. असे का केलेस, असे विचारले नाही. पुन्हा करणार नाहीस ना, म्हणून शपथ घ्यायला लावली नाही. पेत्राने आधी घेतलेल्या शपथेचे काय झाले ते दोघांनाही ठाऊक होते. त्याने एकच विचारले: प्रीती आहे का? आणि पेत्राच्या प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या हाती काम दिले. मेंढरे चार, त्यांना राख. 'दोन वर्षे मागच्या बाकावर बस, मग बघू' अशी अट घातली नाही.

यहूदाला कोण भेटले?

त्याच रात्री दोघे पडले. यहूदा इस्कार्योत याच्याविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. पण मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातला भाग नीट वाचला तर एक गोष्ट मनाला लागते. यहूदाला पस्तावा झाला. तीस नाणी घेऊन तो परत गेला. आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. चूक मान्य करणे, घेतलेले परत करणे, हे सर्व त्याने केले.

तो गेला कोणाकडे? मुख्य याजक व वडील यांच्याकडे. पापी माणसाला देवाकडे नेणे हेच याजकांचे काम. त्यांनी त्याला सांगितले की याच्याशी आमचा काही संबंध नाही, तुझे तू पाहून घे. दार बंद झाले. यहूदा एकटाच निघून गेला, आणि पुढचे आपल्याला ठाऊक आहे.

पेत्रही त्या रात्री रडत बाहेर गेला होता. पण पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालीया मरीया धावत आली तेव्हा तो दुसऱ्या शिष्याबरोबर होता. कोणीतरी त्याला घरात घेतले होते. कोणीतरी त्याच्याबरोबर बसले होते. थडग्यापाशी स्त्रियांना जो निरोप मिळाला, त्यात शिष्यांबरोबर पेत्राचे नाव वेगळे घेतलेले आहे, असे मार्क लिहितो. आपण आता शिष्यांत मोजले जात नाही, असे ज्याला वाटत असेल, त्याच्यापर्यंत निरोप नाव घेऊनच पोहोचवावा लागतो.

म्हणून आम्हाला वाटते, यहूदाची गोष्ट पडलेल्यांना भीती घालण्यासाठी सांगण्याआधी मंडळीने स्वतःला ऐकवावी. आपल्याकडे कोणी तीस नाणी घेऊन आला, तर आपण त्या याजकांसारखे 'तुझे तू पाहून घे' म्हणणार का?

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला आता सगळेच संपले, जगून काय करायचे, असे वाटत असेल, तर त्या बंधूला किंवा भगिनीला आमची विनंती आहे: आज एकटे राहू नका. घरातल्या कोणाला, मित्राला, पाळकांना किंवा डॉक्टरांना सांगा, आणि आजच सांगा. पेत्राची सकाळ उजाडायला मधले दोन अंधारे दिवस जावे लागले होते. ते दिवस त्याने माणसांत काढले.

पौलाने ज्याला बरोबर घेतले नाही

पेत्राला उभे करायला प्रभू स्वतः आला. आपल्यापैकी बहुतेकांकडे तो माणसाच्या रूपाने येतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे बर्णबा.

पौल व बर्णबा पहिल्या सुवार्ताफेरीवर निघाले तेव्हा योहान मार्क नावाचा तरुण मदतीला होता. पंफुल्यातील पिर्गा येथे तो त्यांना सोडून यरुशलेमेला परत गेला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात याचे कारण दिलेले नाही. पुढे दुसऱ्या फेरीची तयारी सुरू झाली तेव्हा बर्णबाने मार्काला पुन्हा घ्यायचे म्हटले. पौल म्हणाला, जो मध्येच सोडून गेला त्याला घेणे बरे नाही. वाद इतका चिघळला की दोघे वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन गेला. बर्णबाने मार्काला घेतले आणि तारवात बसून कुप्राला गेला.

पौलाचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. काम कठीण होते, भरवशाचा माणूस हवा होता. आपल्या पंचकमिटीच्या बैठकीत असाच युक्तिवाद होतो, आणि ऐकायला तो पटतो. पण बर्णबाला एक गोष्ट आठवत असणार. याच पौलावर यरुशलेमच्या शिष्यांचा विश्वास बसत नव्हता, तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. छळ करणाऱ्या शौलाला ज्याने जामीन दिला, त्याला माघारी फिरलेल्या मार्काची काय अडचण?

पुढे काय झाले? कलस्सैकरांस पत्र लिहिताना मार्क पौलाजवळ आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मार्काला घेऊन ये असे सांगतो, कारण सेवेसाठी तो त्याला उपयोगी आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात मार्काला मुलगा म्हटले आहे. एकेकाळी नाकारणारा पेत्र आणि एकेकाळी माघारी गेलेला मार्क, असे हे दोघे एकत्र आले. आपल्या हातातले दुसरे शुभवर्तमान परंपरेने याच मार्काचे मानले जाते. बर्णबाने त्याला तारवात जागा दिली नसती तर? हा प्रश्न प्रत्येक कमिटीने एकदा स्वतःला विचारावा.

नागासाकीची पायरी

आता शास्त्राबाहेरचे, पण आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर देऊन मारले, त्यांत ते होते. १८६२ साली त्यांना संतपद दिले गेले. मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. जपानात शुभवर्तमान नेणारे संत फ्रान्सिस झेवियर हेही गोव्याहूनच तिकडे गेले आणि १५४९ साली कागोशिमाला उतरले.

पण त्याच नागासाकीत पुढे काय घडले, ते आपण फारसे सांगत नाही. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. संशयितांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. नागासाकीत तर हे दर नववर्षाला होई. काहींनी नकार दिला आणि प्राण दिले. पुष्कळांनी पाय ठेवला.

पाय ठेवून ती माणसे घरी येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना करीत. पोर्तुगीज शब्दावरून तिला ते 'कोंचिरिसान' म्हणत. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू उरला नव्हता, म्हणून खऱ्या पस्ताव्याने देवाकडे क्षमा मागण्याची ती शिकवण त्यांनी जपली. आईबाप मुलांना प्रार्थना शिकवीत, गावातली जाणती माणसे बाप्तिस्मा देत. दोनशेहून अधिक वर्षे, एकही धर्मगुरू नसताना, असे चालले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथील नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच धर्मगुरू पतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले की आमचा विश्वास तुमचाच आहे. मरियेची प्रतिमा कुठे आहे, असे त्यांनी विचारले.

बंधुभगिनींनो, हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या कोणी टिकवला? ज्यांनी प्रतिमेवर पाय ठेवला होता, त्यांनी. त्यांचे पाय ठेवणे बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. ते स्वतःही तसे म्हणत नव्हते, नाहीतर पश्चात्तापाची प्रार्थना कशाला केली असती? पण 'एकदा पाय ठेवला, आता माझा प्रार्थनेशी काय संबंध?' असेही ते म्हणाले नाहीत. घरी येऊन त्यांनी गुडघे टेकले आणि मुलांना जवळ बसवले. हुतात्म्यांच्या रक्ताने मंडळी वाढते हे खरेच. पण पडून पुन्हा उठणाऱ्यांच्या अश्रूंनीही ती टिकते.

मग सगळेच माफ का?

यावर कोणी म्हणेल, असे सगळ्यांना लगेच कामाला लावले तर शिस्त राहील का? हा प्रश्न रास्त आहे, आणि मंडळीला तो फार जुना आहे. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसने सर्वांना रोमी देवतांना अर्पण करण्याचा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने अर्पण केले, काहींनी अर्पण न करताच तसा दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते परत आले तेव्हा मोठा वाद झाला. रोममधल्या नोव्हेशियनच्या मते अशांना मंडळीत पुन्हा घेऊच नये. उलट काही जण म्हणत, ताबडतोब घ्या, काही विचारू नका. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मधली वाट धरली: पश्चात्तापाला वेळ द्यावा, प्रत्येकाचे प्रकरण वेगळे पाहावे, पण दार बंद करू नये. मंडळीने तीच वाट पत्करली. सिप्रियन स्वतः त्या छळाच्या वेळी लपून राहिले होते, आणि पुढे २५८ साली त्यांनी विश्वासासाठी मरण पत्करले.

तेव्हा आम्हीही विवेकाने बोलू इच्छितो. ज्याने मंडळीच्या पैशांत अफरातफर केली, त्याच्या हाती पुन्हा तिजोरीची किल्ली देणे म्हणजे क्षमा नव्हे. तो त्याच्यावरही अन्याय आहे. ज्याने लेकराला किंवा स्त्रीला इजा केली, त्याला क्षमेच्या नावाखाली पुन्हा त्यांच्याजवळ जाऊ देता कामा नये, आणि असे प्रकरण कायद्यापासून लपवताही कामा नये. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला 'तू क्षमा कर' म्हणून घाई करण्याचा अधिकार आपल्याला नाही. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देण्याचे स्वतःहून कबूल केले. भरपाई ही पश्चात्तापाचीच बाजू आहे.

पण या अपवादांच्या आडून आपण उरलेल्या सर्वांना दूर ठेवतो, ही आमची तक्रार आहे. दारू पुन्हा प्यालेल्या माणसाला हार्मोनियम का वाजवू देत नाही? भीतीने "नाही" म्हणालेल्या मुलीला संडे स्कूलच्या लेकरांना का शिकवू देत नाही? तिजोरी नको, पण खुर्च्या मांडायला, आजाऱ्याला भेटायला, मयतीच्या घरी डबा पोहोचवायला कोणाची बंदी आहे? काम बदलेल, लहान होईल, कोणाच्या सोबतीने करावे लागेल. पण काम हवेच.

धैर्य कसे परत येते?

आता जे दाराजवळ उभे आहेत, त्यांच्याशी थोडे बोलतो.

धैर्य आधी येईल आणि मग मी परत जाईन, अशी वाट पाहू नका. पेत्राला किनाऱ्यावर धैर्य आले म्हणून काम मिळाले नाही. काम मिळाले आणि ते करता करता धैर्य आले. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि तोच पेत्र यरुशलेमेत उभा राहून बोलला. त्या दिवशी सुमारे तीन हजारांची भर पडली. पुढे न्यायसभेपुढे त्याला उभे केले, तेव्हा समोर हन्ना आणि कयफा बसले होते, असे प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय सांगतो. ज्याच्या अंगणात तो दासीला घाबरला होता, त्याच प्रमुख याजकासमोर तो आता बोलत होता. बोलीसुद्धा गालीलचीच असणार.

पण पेत्र पुन्हा कधी पडला नाही, असे समजू नका. अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमेहून काही लोक येताच त्यांच्या भीतीने वेगळा बसू लागला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हे स्पष्ट सांगतो. इतके सारे होऊनही जुनी भीती परत आली. त्याला तोंडावर सांगणारा भाऊ होता, हे त्याचे भाग्य. तेव्हा दुसऱ्यांदा पडलात तरी पहिली क्षमा खोटी होती असे मानू नका. पुन्हा उठा. सैतानाला आपल्या पडण्यापेक्षा आपले पडून राहणे जास्त आवडते.

आणि लहान सुरुवात करा. पुढच्या रविवारी आशीर्वाद होईपर्यंत थांबा. बाहेर पडताना पाळकांचा किंवा धर्मगुरूंचा हात धरा आणि भेटायला वेळ मागा. जे मंडळीत पापनिवेदन करतात त्यांनी ते करावे. ज्यांच्याकडे ती रीत नाही त्यांनी एका विश्वासू, तोंड बंद ठेवणाऱ्या वडीलधाऱ्याजवळ मन मोकळे करावे. ज्याचे नुकसान केले त्याचे भरून द्या. आणि परत आल्यावर काही काम मागा. संकोच करू नका.

मंडळीसाठी

मंडळीला आमची विनंती साधी आहे. जे येत नाहीत त्यांची नावे पाळकांनी आणि वडिलांनी शांतपणे एकदा काढावीत, आणि प्रत्येकाकडे एकेकाने जावे. चार जणांनी मिळून जाऊ नये, ती चौकशी वाटते. गेल्यावर आधी चहा घ्यावा, मुलाबाळांची विचारपूस करावी. प्रभूनेही आधी न्याहारीच दिली. प्रकरण आपण काढू नये. त्याने काढले तर ऐकून घ्यावे आणि बाहेर कुठेही बोलू नये. आणि निघताना एक ठरावीक, छोटे काम सांगावे: "रविवारी तुम्ही जरा लवकर या, सतरंज्या घालायला माणूस कमी पडतोय." "देव तुम्हाला क्षमा करो" या वाक्यापेक्षा या निरोपात पुष्कळदा जास्त क्षमा असते.

कोणी परत आला, की त्याच्याकडे वळून पाहत कुजबुजणे बंद व्हावे. तो किती दिवस टिकतो याची पैज मनातल्या मनात लावणेही बंद व्हावे. उडाऊ पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ घरातच होता, पण मेजवानीच्या बाहेर उभा राहिला. आपल्या मंडळीत जागा रिकामी आहे ती कोणाची, आणि त्या विस्तवाजवळ सरकून बसायला आपण तयार आहोत का, हे प्रत्येकाने प्रभूपुढे तपासावे.

*प्रार्थना*

हे प्रभू येशू, तू पेत्राकडे वळून पाहिलेस, तसे आमच्या पडलेल्या भावाबहिणींकडे पाहा. जे लाजेने दूर गेले आहेत त्यांना नाव घेऊन बोलाव. ज्यांच्या ओठांवर तुझे नाव येता येता थांबते, त्यांच्या जिभेला बळ दे. आम्हाला बर्णबाचे मन दे, म्हणजे माघारी गेलेल्याला आम्ही पुन्हा बरोबर घेऊ. आमच्या मंडळीत तुझा विस्तव पेटता ठेव, आणि त्याच्याभोवती जागा करायला आम्हाला शिकव. तुझ्याच पवित्र नावाने मागतो. आमेन.